इंदूरजवळच्या गावात नवे आहात? पंचायतीचं कामकाज असं शिका

राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर अशा वस्त्यांतली बरीच मराठी घरं आता इंदूरबाहेर राहायला लागली आहेत. कुणी खुडैलकडे प्लॉट घेऊन घर बांधलं, कुणी आयआयटीतल्या नोकरीमुळे सिमरोलला गेलं, कुणाला सांवेर रोडच्या कारखान्याजवळ राहणं सोयीचं पडलं. आम्हीही आठ वर्षांपूर्वी असेच गेलो. २०२२ च्या निवडणुकीत वॉर्डातल्या बायकांनी मला उभं केलं आणि मी पंच, म्हणजे ग्रामपंचायतीची सदस्य झाले. तेव्हापासून गल्लीत नवं कुटुंब आलं की पहिल्या महिन्यात तेच प्रश्न माझ्याकडे येतात. कचऱ्याची गाडी कधी येते, नळ कोण जोडून देतं, खांबावरचा दिवा बंद असेल तर फोन कुणाला करायचा?

इंदूर नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत पार्षदाला (नगरसेवकाला) फोन केला की झोनवरून माणूस यायचा, याची आपल्याला सवय असते. पंचायतीत काम फोनवर होत नाही, रजिस्टरावर होतं. जे रजिस्टरात लिहिलं गेलं नाही, ते सगळ्या गावानं मान डोलावून कबूल केलं असलं तरी झालेलं नसतं. हे मला तीन वर्षं घालवून कळलं. ती हकिगत पुढे सांगते, पण क्रमानं जाऊ.

पहिलं काम: आपण नक्की कुणाच्या हद्दीत आहोत ते बघा

हे विचित्र वाटेल, पण पत्त्यात गावाचं नाव आहे म्हणून तिथे ग्रामपंचायत असेलच असं नाही. २०१४ मध्ये इंदूरच्या भोवतालची २९ गावं निगमात घेतली गेली. तिथले जुने लोक आजही 'आमचं गाव'च म्हणतात, पण कर निगम घेतं. राऊला नगर परिषद आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर थोड्या अंतरात निगम, नगर परिषद आणि ग्रामपंचायत अशा तीन हद्दी लागू शकतात. शेजाऱ्याकडे जाऊन त्यांची कराची पावती बघा, तिच्यावर जे नाव छापलंय तेच तुमचं कार्यालय.

ग्रामपंचायत असेल तर पुढचा प्रश्न जनपदचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वरच्या पंचायतीचा. इंदूर जिल्ह्यात चार जनपद पंचायती आहेत: इंदूर, महू, देपालपूर आणि सांवेर. आपली कोणती ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, कारण पंचायतीच्या वरचा प्रत्येक कागद तिथे जातो. त्याच्यावर जिल्हा पंचायत.

दुसरं: माणसं आणि शब्द ओळखा

महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्यांची इथे हमखास गडबड होते. नाशिकहून आलेल्या आमच्या एका शेजारणीनं पहिल्या दिवशी ग्रामसेवकाची चौकशी केली, आणि गावातल्यांना वाटलं त्या कुणा समाजसेवकाला शोधताहेत. तिकडचा ग्रामसेवक म्हणजे इथला सचिव. तलाठी म्हणजे पटवारी. पंचायत समिती म्हणजे जनपद, आणि गटविकास अधिकाऱ्याच्या जागी जनपदचे सीईओ. सातबारा मागू नका, खसरा आणि बी-१ मागा. गावठाणाला आबादी म्हणतात, गायरानाला चरनोई. घरपट्टी म्हणजे संपत्ति कर. दवंडीला मुनादी म्हणतात आणि ती कोटवार देतो. ठरावाला कागदावर 'प्रस्ताव' किंवा 'संकल्प' लिहितात, पण बोलताना सगळे 'ठहराव' म्हणतात. तो शब्द आपल्या ठरावाचा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे निदान तिथे अडखळायला होत नाही.

सरपंच थेट गावाच्या मतानं निवडून येतो, पंच आपापल्या वॉर्डातून. पंचायतीत लोकसंख्येप्रमाणे १० ते २० वॉर्ड असतात. उपसरपंच पंचांमधून निवडतात. मध्य प्रदेशात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. दुसरी गोष्ट नवीन माणसानं नीट ध्यानात घ्यावी. सरपंचाच्या घरावर कोणता झेंडा आहे ते बघून त्याच्याकडे जायचं की नाही हे ठरवू नका. गावात कोण कुणाचा पाहुणा, कोणाची शेती कोणाच्या शेजारी, ही नाती त्या झेंड्यापेक्षा फार जुनी असतात.

सरपंच बाई असतील तर बाईंशीच बोला. त्यांचे यजमान ओट्यावर बसलेले असतात, तेच उत्तर द्यायला पुढे सरसावतात. त्यांना नमस्कार करावा, 'दादा, भाभीजी से दो मिनट बात करनी है' असं सांगावं आणि आत जावं. सही बाईंची लागते, सभेच्या अध्यक्ष त्या असतात, तर आपलं म्हणणंही त्यांच्याच कानी पडायला हवं. आमच्या भागात पहिल्या वर्षी पदराआडून बोलणाऱ्या एक सरपंच आज जनपदच्या बैठकीत आकडे विचारतात, आणि याचं बरंचसं श्रेय त्यांना थेट भेटायला जाणाऱ्या बायकांचं आहे.

सचिवासोबत आणखी एक माणूस महत्त्वाचा, तो म्हणजे रोजगार सहायक. कॉम्प्युटरवरची बहुतेक कामं तोच करतो. एका सचिवाकडे कधी कधी दोन पंचायतींचा प्रभार असतो, म्हणून ते कोणत्या वारी आपल्या पंचायत भवनात बसतात ते आधी विचारून ठेवा. नाहीतर चार खेपा फुकट जातात.

आणि पंचायतीचं नसलेलं काम पंचायतीत नेऊ नका. जमिनीची नोंद, सीमांकन (मोजणी) आणि नामांतरण (फेरफार) ही पटवारी व तहसीलची कामं. घरातली वीज गेली तर १९१२. शाळेतले शिक्षक, अंगणवाडी आणि रेशनचं दुकान यांची खाती वेगळी आहेत, पण त्यांच्याबद्दलची तक्रार ग्रामसभेत मांडता येते आणि मांडावी.

तिसरं: समग्र आणि मतदार यादी

मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्याच्या नोंदीतल्या कुटुंब आणि सदस्य क्रमांकाशिवाय, सरकारी दारातलं पान हलत नाही. कुटुंबाचा आयडी आठ अंकी असतो, प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. शहरातून गावात आलात तर तो निगमाच्या वॉर्डातून पंचायतीत बदलून घ्यावा लागतो. आधार, जुना समग्र आणि गावात राहत असल्याचा पुरावा घेऊन रोजगार सहायकाकडे जा आणि ई-केवायसी झालेली आहे ना तेही तिथेच बघा. मुलांच्या शाळेपासून म्हाताऱ्यांच्या पेन्शनपर्यंत हाच आकडा विचारतात. महाराष्ट्रातून थेट आलेल्यांना तो नव्यानं काढावा लागतो. आधारवरचं नाव आणि समग्रवरचं नाव अक्षरश: एकसारखं ठेवा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं लिहायची पद्धत आहे, इकडे नाही. एका कागदावर तीन शब्दांचं नाव आणि दुसऱ्यावर दोन, असं झालं की केवायसी अडकते. मराठी कुटुंबांचे निम्मे खेटे याच एका कारणानं होतात.

मतदार यादीचं काम लोक पुढे ढकलतात, पण ग्रामसभेचं सदस्यत्व तिच्यावरच उभं आहे. गावाच्या यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. नाव नसेल तर तुम्ही सभेत नुसते पाहुणे. जुन्या पत्त्यावरून नाव हलवायला फॉर्म ८ भरतात. मात्र तेवढ्यावर थांबू नका. विधानसभेची यादी वेगळी, आणि पंचायतीची यादी राज्य निवडणूक आयोग वेगळी करून घेतो. २०२२ मध्ये आमच्या कॉलनीतली कितीतरी घरं विधानसभेच्या यादीत होती, पण पंचायतीच्या यादीत नव्हती. मतदानाच्या सकाळी ती माणसं रांगेतून परत गेली. पंचायतीची यादी दुरुस्तीसाठी लागते तेव्हा पंचायत भवनाच्या भिंतीवर डकवतात, तिथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी नाव वाचा.

चौथं: घर आणि प्लॉट

ही पायरी खरं तर घर घेण्याआधीची, पण माझ्याकडे लोक घेतल्यानंतर येतात. म्हणून इथे लिहिते.

कॉलनी विकणारा माणूस पंचायतीचं एनओसी दाखवतो आणि आपण समजतो की सगळं झालं. पंचायतीच्या एनओसीनं कॉलनी कायदेशीर होत नाही. त्यासाठी जमिनीचं डायवर्शन (बिगरशेती परवानगी), नगर तथा ग्राम निवेश खात्यानं मंजूर केलेला नकाशा, कॉलनी विकासाची परवानगी आणि रेराचा क्रमांक हे कागद लागतात. चारही कागद बघायला मागा. 'हो जाएगा साहब' असं उत्तर आलं तर प्लॉट घेऊ नका. बेकायदा कॉलनीत पंचायतीला रस्ता आणि नाली करायला पैसा टाकणं जड जातं, आणि मग दरवर्षी पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेल्या गाड्या बाहेर काढत बसावं लागतं. माळव्याची काळी माती पिकाला सोनं आहे, पण कच्च्या रस्त्याला काळ.

जुन्या वस्तीत, म्हणजे आबादीत घर घेत असाल तर स्वामित्व योजनेतला अधिकार अभिलेख बघा. ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. ड्रोननं आबादी मोजून ज्याचं घर त्याच्या नावावर कागद देतात, आणि आपल्याच राज्यातला हरदा जिल्हा हे काम पूर्ण करण्यात देशात पहिला होता. त्याआधी आबादीतल्या घरांना बहुतेक ठिकाणी ताब्याशिवाय दुसरा पुरावाच नव्हता.

नवं घर किंवा वरचा मजला बांधायचा असेल तर पंचायतीची लेखी परवानगी घ्या. तोंडी 'बना लो' चालत नाही. शेजाऱ्यानं नालीच्या जागेवरून हरकत घेतली की तो कागदच तुमच्या कामी येतो.

पाचवं: कर

पंचायतीचे कर निगमाच्या मानानं थोडे असतात. मालमत्तेवरचा कर, दिवाबत्तीचा प्रकाश कर, नळ असेल तर जलकर, धंदा करत असाल तर वृत्ति कर. गावात बाजार भरत असेल तर बाजार शुल्क. गाई-म्हशींच्या खरेदीविक्रीची नोंद होते, तिचंही शुल्क असतं. पैसे देताना छापील पावती घ्या, वर्ष लिहिलेलं आहे का ते बघा आणि पावत्या एकाच फाइलमध्ये ठेवा.

जलकराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण भांडणं इथेच होतात. नळजल योजनेची टाकी आणि पाइप सरकारी पैशातून होतात, पण मोटार चालवायची वीज, मोटार जळली तर दुरुस्ती आणि वॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाचा पगार हे जलकरातून काढायचं असतं. निम्मं गाव जलकर देत नाही, वीजबिल थकतं, कनेक्शन कापलं जातं आणि मग दिलेल्यांच्या घरीही पाणी येत नाही. शहरात नर्मदेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. आमच्या वॉर्डात आम्ही दहा-बारा बायकांनी उन्हाळ्याआधी घरोघर फिरून थकबाकी गोळा केली. त्या वर्षी मे महिन्यात टँकर बोलवावा लागला नाही.

कचऱ्याचंही तसंच. २०१७ पासून देशात पहिलं येणाऱ्या शहरातून आपण आलेले असतो, सकाळी गाणं वाजवत गाडी येणार अशी कानांना सवय असते. गावात गाडी असली तरी ती रोज येईलच असं नाही, आणि ती चालते स्वच्छता करावर आणि अनुदानावर. तोवर ओला कचरा घरच्या परसात पुरा आणि सुका साठवून द्या. शेताच्या बांधावर प्लास्टिक फेकू नका. गुरं ते खातात, आणि गावकरी आपल्याला मनातून दूर करतात ते बहुधा याच कारणानं.

सहावं: सभा दोन प्रकारच्या, दोन्ही ओळखून घ्या

पंचायतीची बैठक वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. पंचायतीची बैठक महिन्यातून निदान एकदा होते, तिच्यात सरपंच आणि पंच बसतात, निम्मे सदस्य हजर असावे लागतात. तुमची मागणी तिथे तुमच्या वॉर्डाचा पंच मांडू शकतो, म्हणून आपला पंच कोण ते आधी शोधा. बरेच जण सरपंचाशिवाय कुणाला ओळखतच नाहीत.

ग्रामसभा सगळ्या गावाची. मध्य प्रदेशात ती वर्षातून निदान चार वेळा होते: २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या सुमारास. महूला बाबासाहेबांचा जन्म झाला, त्यामुळे १४ एप्रिलची सभा आपल्या जिल्ह्यात मोठ्या उत्साहात होते, बाकीच्या तारखांपेक्षा त्या दिवशी बायाही जास्त येतात असा माझा अनुभव आहे. एकूण सदस्यांच्या एक दशांश किंवा ५००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हजर असावी लागतात, आणि त्यांत एक तृतीयांशाहून जास्त बायका. म्हणजे आपण घरी बसलो तर सभाच पुरी होत नाही. घरातली एक बाई सभेला गेली की गणपूर्तीचा आकडा एकानं पुढे सरकतो. हे मी आमच्या गल्लीत दारोदार सांगत असते.

सभेच्या दिवशी काय करायचं?

मुनादी झाली की किंवा पंचायत भवनावर सूचना लागली की विषयपत्रिका, म्हणजे इथला एजेंडा, वाचा. आपला विषय त्यात नसेल तर दोन-तीन दिवस आधी अर्ज द्या. अर्ज हिंदीत आणि छोटा लिहा: विषय एका ओळीत, जागा नेमकी, मागणी एकच. 'हमारी कॉलोनी में बहुत समस्या है' असं लिहिलेल्या अर्जातून काहीच होत नाही. 'मंदिराजवळच्या खांबापासून शाळेच्या फाटकापर्यंत नाली नाही, सांडपाणी रस्त्यावर येतं, नाली बांधावी' असं लिहिलं की उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, टेप घेऊन येऊ शकतो. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. सचिव म्हणतील, 'अरे दीदी, अपने घर का मामला है, रख दो.' तरी हसतमुखानं शिक्का मागाच. त्यात अविश्वास नाही, सरकारी कामाची ती रीतच आहे आणि त्यांनाही ती ठाऊक असते.

सभेत उपस्थितीच्या रजिस्टरावर सही केल्यावरच बसा. आपला विषय निघाला की उभं राहून बोला, मराठीची सवय असेल तरी सोप्या हिंदीत. चुकलं तर कुणी हसत नाही. गावातले लोक माळवी बोलतात, त्यांची हिंदीही पुस्तकी नसते. आणि विषय मंजूर झाला की खाली बसू नका. इथेच माझी तीन वर्षं गेली.

आमच्या गल्लीच्या नालीचा विषय मी पंच होण्याआधी दोन ग्रामसभांत मांडला होता. दोन्ही वेळा सगळे 'हाँ हाँ, होना चाहिए' म्हणाले, टाळ्याही वाजल्या. मी घरी येऊन यजमानांना सांगितलं, नाली मंजूर झाली. तिसऱ्या वर्षी काम का सुरू होत नाही म्हणून विचारायला गेले. सचिवांनी कार्यवाही रजिस्टर, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, काढलं, पानं उलटली आणि शांतपणे म्हणाले, 'दीदी, रजिस्टर में तो है नहीं.' खरंच नव्हतं. बोलणं झालं होतं, लिहिणं झालं नव्हतं. कुणी मुद्दाम वगळलं असं मला आजही वाटत नाही. सभा संपता संपता घाई झाली, सह्या आधीच कोऱ्या पानाखाली घेतल्या होत्या आणि नंतर आठवेल तेवढं लिहिलं गेलं.

तेव्हापासून मी करते ते तुम्हीही करा. विषय मंजूर झाला की तिथल्या तिथे विनंती करा: 'सचिवजी, प्रस्ताव लिखकर पढ़ दीजिए.' तो लिहिला जाईल, मोठ्यानं वाचला जाईल, त्याला प्रस्ताव क्रमांक पडेल. क्रमांक आणि तारीख वहीत उतरवा. कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा देऊ नका, शेजारच्या काकूंनाही देऊ देऊ नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पान वाचून दाखवायला एखादी कॉलेजातली मुलगी सोबत न्या. आमच्या गावात आता कार्यवाही वाचल्याशिवाय बायका उठत नाहीत, आणि सचिवांचंही काम सोपं झालं, नंतरचे वाद उरले नाहीत.

सातवं: पैसा कुठून येतो ते समजून मागणी करा

मंजूर झालेला विषय म्हणजे झालेलं काम नाही. प्रस्ताव ग्राम पंचायत विकास योजनेत जावा लागतो. दरवर्षी २ ऑक्टोबरपासून 'सबकी योजना, सबका विकास' या मोहिमेत पुढच्या आर्थिक वर्षाची योजना तयार होते. म्हणून वर्षातून एकाच सभेला जायला जमणार असेल तर २ ऑक्टोबरच्या सभेला जा. जानेवारीत सुचलेली मागणी बहुधा एक वर्ष मागे पडते.

पंचायतीकडे येणाऱ्या पैशातला मोठा भाग वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिली आणि ४० टक्के मोकळी ठेवली. मोकळ्या रकमेतूनही पगार आणि कार्यालयाचा खर्च करता येत नव्हता. हा हिशेब कळला तेव्हा मला आमच्या सरपंचबाईंचं 'रोड का पैसा नहीं है' हे उत्तर पटलं. पैसा होता, पण रस्त्याचा नव्हता. म्हणून मागणी करताना विचार करा: सांडपाण्याची नाली, शोषखड्डा आणि पाण्याची पाइपलाइन हे बांधीव पैशात बसतं. सिमेंटचा रस्ता आणि पथदिवे यांना मोकळ्या पैशाच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि ती रांग लांब असते. आमच्या गल्लीला रस्ता हवा होता. आम्ही आधी नाली मागितली, ती झाली. पाणी रस्त्यावर यायचं थांबलं आणि मग मुरूम टाकूनच दोन पावसाळे निघाले.

योजनेत नाव आलं की उपयंत्री येऊन मोजमाप घेतो आणि एस्टिमेट करतो. मग तकनीकी स्वीकृति, म्हणजे तांत्रिक मंजुरी (तिलाच टीएस म्हणतात), मग प्रशासकीय स्वीकृति. काम चालू असताना माप पुस्तिकेत मोजमाप चढतं, मूल्यांकन होतं, त्यानुसार पैसे निघतात. पैसे काढायला सरपंच आणि सचिव दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. काम कुठल्या टप्प्यावर अडलंय तेच विचारा. 'काम कब होगा' विचारलं तर 'जल्दी' हेच उत्तर मिळतं. 'टीएस हो गई क्या' विचारलं की उत्तर नेमकं येतं.

काम सुरू झालं की दिवसातून एकदा तिथून चक्कर मारा. सिमेंटच्या कामावर पाणी मारतात की नाही, नालीला उतार आहे की नाही, एवढं आपल्याला कळतं. उतार बघायला बादलीभर पाणी ओतावं. आमच्या नालीत पाणी मागे यायला लागलं ते अशानंच कळलं, आणि सिमेंट ओलं होतं म्हणून मिस्त्रीनं त्याच दिवशी दुरुस्त केलं.

हे सगळं घरबसल्याही बघता येतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर राज्य, जिल्हा, जनपद आणि पंचायत निवडली की त्या वर्षाची योजना आणि झालेले खर्च दिसतात, लॉगिन लागत नाही. राज्याचं पंचायत दर्पण पोर्टलही आहे. घरातल्या मुलांना सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

जन्म-मृत्यूची नोंद

जिथे घटना घडली तिथे नोंद होते, राहत्या गावी नाही. इंदूरच्या दवाखान्यात बाळ झालं तर दाखला इंदूरचाच. गावात घरी मृत्यू झाला तर पंचायतीत नोंद करा. २१ दिवसांच्या आत पैसे लागत नाहीत, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दु:खाच्या दिवसांत कुणाला हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यानं आठवण करून द्यावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासारख्या कामांत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्याच्यावरचं नाव दोनदा तपासा.

काम अडलं तर

आधी सचिव, मग सरपंच, मग जनपदचे सीईओ. प्रत्येक ठिकाणी लेखी अर्ज आणि शिक्क्याची प्रत. या तीन पायऱ्या गाळून कुणी थेट वर गेलं की खालची माणसं दुखावतात, आणि वरूनही अर्ज खालीच येतो.

त्यानंतर दर मंगळवारची जनसुनवाई. मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत सकाळी जाऊन अर्ज देता येतो, आधीच्या अर्जांच्या प्रती सोबत जोडा. किंवा १८१ वर सीएम हेल्पलाइन. तिथे तक्रार चार पातळ्यांवर जाते, एल-१ पासून एल-४ पर्यंत. ठरलेल्या मुदतीत निकाली निघाली नाही तर वरच्या पातळीवर चढते. खालून फोन येतो, 'दीदी, काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दो.' काम डोळ्यांनी बघेपर्यंत 'संतुष्ट' म्हणू नका. मात्र काम झालं तर त्याच दिवशी तक्रार मिटवा. काही जण जुन्या रागापायी उघडी ठेवतात, आणि त्याचा त्रास नेमका त्याच रोजगार सहायकाला होतो ज्यानं धावपळ करून काम केलेलं असतं.

कागद बघू देत नसतील तर माहितीचा अधिकार. अर्ज पंचायतीच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे बहुधा सचिवांकडेच, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. गरिबी रेषेखालच्या कुटुंबाला शुल्क नाही. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील जनपदच्या सीईओंकडे. मागताना 'गेल्या पाच वर्षांची सगळी माहिती' मागू नका, गठ्ठा बघून कुणीही टाळतो. 'अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या कार्यवाहीची प्रत' एवढंच मागा. आणि तेही आधी तोंडी मागून बघा. मी पंच झाल्यापासून आमच्याकडे कार्यवाहीची प्रत मागणाऱ्या कुणालाही अर्ज करावा लागलेला नाही. सचिव रजिस्टर टेबलावर ठेवतात, माणूस मोबाइलवर फोटो काढतो.

पंचांची बैठक आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते. तुमच्याकडे कधी असते ते या आठवड्यात आपल्या पंचाला विचारा, आणि पंच कोण ते माहीत नसेल तर कोटवाराला विचारा. त्याला प्रत्येक घर ठाऊक असतं.